वाकिता आणि बंदीची पन्नास वर्षे

मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात बाहा कॅलिफोर्नियाचा लांबलचक द्वीपकल्प आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये एक चिंचोळे आखात आहे. त्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे एके काळी कोलोरॅडो नदी गाळाचे लोंढे घेऊन समुद्राला मिळत असे, त्या उथळ, गढूळ पाण्यात व्हेल-डॉल्फिनच्या गोतावळ्यातला सर्वांत लहान प्राणी राहतो. लांबी दीड मीटरच्या आत-बाहेर, वजन पन्नास किलोच्या आसपास, डोळ्यांभोवती आणि ओठांवर काजळ घातल्यासारखी काळी कड. स्पॅनिश भाषेत त्याला वाकिता म्हणतात, म्हणजे छोटी गाय. वाकिता ही पॉर्पॉइज आहे; डॉल्फिनची चुलत बहीण म्हणता येईल अशी, पण चोच नसलेली, आखूड बांध्याची आणि अतिशय बुजरी. होडीच्या पुढे उड्या मारणे तिला ठाऊक नाही. ती हळूच वर येते, श्वास घेते आणि नाहीशी होते. पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही समुद्रात ती नाही. १९५० मध्ये शास्त्रज्ञ केनेथ नॉरिस यांना सान फेलिपे या गावाजवळच्या किनाऱ्यावर एक कवटी सापडली आणि १९५८ मध्ये त्यांनी विल्यम मॅकफार्लंड यांच्यासोबत ही नवी जात असल्याचे जाहीर केले. आख्खे, ताजे शरीर शास्त्रज्ञांना नीट तपासायला मिळाले ते थेट १९८५ मध्ये, आणि तेही मच्छीमारी जाळ्यात अडकून मेलेल्या वाकितांचे. विज्ञानाची तिच्याशी ओळखच जाळ्याच्या मार्फत झाली.

वाकिताला मारायला कधी कोणी निघाले नव्हते. तिचे मांस विकले जात नाही, तिच्या चरबीला गिऱ्हाईक नाही. तिचा इतिहास एका वेगळ्याच माशाच्या इतिहासात गुंतला आहे. तोतोआबा हा त्याच आखातातला मासा, दोन मीटरपर्यंत वाढणारा, शंभर किलोपर्यंत वजन भरणारा. आपल्या घोळीच्याच कुळातला. १९२० च्या दशकात तिथे त्याची धंदेवाईक मासेमारी सुरू झाली, ती त्याच्या मांसासाठी नव्हे, तर पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी. पालघर-सातपाटीकडे घोळीच्या ज्या पिशवीला भोत म्हणतात, तीच ही वस्तू. चीनमध्ये तिचे सूप करतात आणि तिला औषधी मानतात. सुरुवातीला पिशव्या काढून घेऊन मासे किनाऱ्यावर तसेच टाकून दिले जात. पुढे अमेरिकेत मांसालाही बाजार मिळाला आणि सान फेलिपे, एल गोल्फो दे सांता क्लारा, पुएर्तो पेन्यास्को या मच्छीमारांच्या तळवजा वस्त्या या माशाच्या पैशावर गावे बनल्या. १९४२ मध्ये दोन हजार टनांहून अधिक तोतोआबा पकडला गेला. १९७५ मध्ये तो आकडा साठ टनांच्याही खाली आला, आणि त्याच वर्षी मेक्सिकोने तोतोआबाच्या मासेमारीवर बंदी घातली. या बंदीपासून वाकिताची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते. बंदी माशावर आली. तो मासा पकडणारे गिलनेट मात्र तिथेच राहिले. तोवर नायलॉनच्या बारीक, पाण्यात जवळजवळ अदृश्य होणाऱ्या धाग्याची जाळी स्वस्तात मिळू लागली होती. वर तरंगणारे फ्लोट, खाली शिशाचे वजन, मध्ये पाण्यात उभी राहिलेली भिंत. मासा डोके घालतो आणि कल्ले अडकून बसतो. मोठ्या आसाचे जाळे गेले, लहान आसाचे आले, आणि तोतोआबाची जागा कोळंबी, शार्क, सिएरा, कोर्विना यांनी घेतली. त्या किनाऱ्यावर पांगा नावाच्या फायबरच्या, मागे मोटर लावलेल्या होड्या शेकड्यांनी वाढल्या, आणि प्रत्येक होडीत जाळे होतेच.

पुढच्या पन्नास वर्षांत या आखातात जितक्या बंद्या आल्या, त्या क्रमाने पाहिल्या की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जाळ्याच्या भोवतालच्या सगळ्या गोष्टींवर बंदी आली: आधी माशावर, मग पाण्याच्या तुकड्यावर, मग हंगामावर. जाळ्यावर ती सगळ्यांत शेवटी आली, आणि तेव्हाही मच्छीमाराच्या हाती दुसरे काही नीट न देता आली. वाकिताचा ऱ्हास अज्ञानामुळे झाला असे अनेकदा म्हटले जाते. उपलब्ध नोंदी मात्र वेगळे सांगतात. काय मारते आहे, कुठे मारते आहे आणि साधारण किती मारते आहे, हे १९९० च्या दशकातच ठाऊक होते. माणसे ज्याला निर्णय म्हणत होती, तो दरवेळी मूळ निर्णय पुढे ढकलण्याचा एक प्रकार होता. आणि त्या ढकलाढकलीला सगळ्यांत मोठा आधार मिळाला तो 'अपघाताने सापडणे' या शब्दांचा.

पॉर्पॉइजला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावे लागते. वाकिता आवाजाच्या प्रतिध्वनीवर मार्ग शोधते. तिच्या टिकटिकीची वारंवारता इतकी उंच असते की माणसाच्या कानाला ती ऐकूच येत नाही. पण नायलॉनच्या धाग्यावरून परत येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो. जाळ्यातल्या माशाच्या मागे जाताना किंवा नुसती जाताना ती त्या भिंतीत शिरते, गुंतते आणि पाण्याखालीच गुदमरून मरते. जाळे ओढले जाते तेव्हा ती मेलेलीच असते. यात मच्छीमाराचा हेतू नसतो हे पूर्ण खरे आहे, आणि त्याला खुनी ठरवणारे लिखाण मला अन्यायाचे वाटते. पण हेतू नसणे म्हणजे अंदाज नसणे नव्हे. १९९३ ते १९९५ या काळात एल गोल्फो दे सांता क्लाराच्या होड्यांवर निरीक्षक बसवून हिशेब मांडण्यात आला, तेव्हा त्या एका बंदरातल्या जाळ्यांत वर्षाला सुमारे ३९ वाकिता मरत असाव्यात असा अंदाज निघाला. सान फेलिपेच्या होड्या धरल्या, तर आकडा जवळपास दुप्पट होत होता. १९९७ मध्ये जहाजावरून नीट गणना झाली आणि एकूण संख्या सुमारे ५६७ आली. वाकिता तीन ते सहा वर्षांची झाल्यावर वयात येते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. सगळे सुरळीत असले तरी तिची संख्या वर्षाला फार तर चार टक्क्यांनी वाढू शकते असे शास्त्रज्ञ धरत होते. ५६७ चे चार टक्के म्हणजे तेवीस. एका बंदरातले मृत्यूच त्याहून अधिक होते. पुढच्या वर्षी किती मरणार हे जिथे आधीच मांडता येते, तिथे त्याला अपघात म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. तो त्या धंद्याचा नेहमीचा खर्च होता, फक्त कोळंबीच्या भावात तो कुठेच धरलेला नव्हता.

१९९३ मध्ये मेक्सिकोने वरच्या आखाताचे आणि कोलोरॅडोच्या मुखाचे राखीव जीवावरण क्षेत्र जाहीर केले. घोषणा मोठी होती, पण राखीव क्षेत्रातल्या बऱ्याच पाण्यात गिलनेट चालूच राहिले. शिवाय वाकिता जिथे खरोखर राहते, त्या पाण्याचा मोठा भाग त्या रेषेच्या बाहेर होता. वाकिताच्या बचावासाठी आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांची समिती १९९७ मध्ये पहिल्यांदा बसली. लोरेन्सो रोहास-ब्राचो या मेक्सिकन शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली चाललेल्या या समितीचा निष्कर्ष सुरुवातीपासून स्पष्ट होता: गिलनेट टप्प्याटप्प्याने काढा, त्यावाचून उपाय नाही. याच सुमारास एक आक्षेप जोराने पुढे आला आणि तो आजही ऐकू येतो. खरा गुन्हेगार अमेरिका आहे, असा तो आक्षेप. १९३० च्या दशकात हूव्हर धरण झाले, १९६० च्या दशकात ग्लेन कॅन्यन. कोलोरॅडोचे गोडे पाणी समुद्रापर्यंत पोचेनासे झाले. त्यामुळे वाकिताचे अन्न संपले आणि ती मेली. आक्षेपामागचे दुःख खोटे नाही. नदी आटली ही वस्तुस्थिती आहे, आणि नदीच्या मुखाशी अंडी घालणाऱ्या तोतोआबाला त्याचा फटका बसला असणे शक्य आहे. पण वाकिताबाबत हा तर्क टिकत नाही. रोहास-ब्राचो आणि शास्त्रज्ञ बार्बरा टेलर यांनी १९९९ मध्ये संभाव्य कारणे एकेक करून तपासली. वरच्या आखाताचे पाणी नदीवाचूनही अन्नसमृद्ध आहे, तिथली कोळंबी आणि मासे यांच्यावर तर गावे जगत होती, आणि जाळ्यांतून मिळालेल्या वाकिता उपासमारीने खंगलेल्या नव्हत्या. त्या खाऊन-पिऊन सुदृढ होत्या आणि बुडून मेल्या होत्या. नदी परत आणायला पन्नास वर्षे लागली असती. जाळे एका हंगामात उचलता आले असते. लांबच्या कारणाकडे बोट दाखवण्यात जवळच्या कारणाला सूट मिळत गेली.

२००५ मध्ये वाकिताचे अभयारण्य म्हणून पाण्याचा एक तुकडा आखला गेला आणि त्यात जाळ्यांना मनाई झाली. समुद्रात कुंपण घालता येत नाही आणि वाकिताला नकाशा वाचता येत नाही; ती रेषेच्या आत-बाहेर करत राहिली. २००६ च्या अखेरीस चीनमधून एक बातमी आली, जिने या क्षेत्रातल्या सगळ्यांना हादरवले. यांगत्झे नदीतल्या बैजी डॉल्फिनच्या शोधात निघालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला सहा आठवड्यांच्या शोधात एकही बैजी दिसली नाही. बैजीसाठीही परिषदा झाल्या होत्या, आराखडे झाले होते. २००७ मध्ये वाकिताच्या शास्त्रज्ञांनी एका निबंधाच्या शीर्षकातच आपले म्हणणे मांडले: आणखी माहिती नको, आता कृती हवी. माहिती गोळा करणे हेच ज्यांचे काम, त्यांनी असे म्हणणे ही विज्ञानाच्या इतिहासात विरळा गोष्ट आहे. २००८ मध्ये मेक्सिको सरकारने मच्छीमारांपुढे तीन वाटा ठेवल्या: परवाना आणि होडी सरकारला विकून दुसरा धंदा करा, जाळे बदला, किंवा अभयारण्याबाहेर राहण्याचे पैसे घ्या. विचार योग्य दिशेचा होता. पण विकणाऱ्यांत अनेक जण असे होते ज्यांच्याकडे एकाहून जास्त होड्या होत्या. एक विकली, दुसरी चालू राहिली. जाळे बदलणे सगळ्यांत कळीचे होते आणि तिथेच हात आखडता घेतला गेला. कोळंबी पकडण्यासाठी वाकिताला धोका नसलेले हलके ओढ-जाळे सरकारच्याच मत्स्यसंस्थेने तयार केले, त्याच्या चाचण्या झाल्या, २०१३ मध्ये तीन वर्षांत सगळ्यांनी ते वापरावे असा नियमही झाला. मात्र त्या जाळ्याला डिझेल जास्त लागते, मासळी आधी कमी मिळते, ते वापरायला शिकावे लागते, आणि ज्या पाण्यात शेजारी गिलनेट पसरून बसला आहे तिथे ते ओढताच येत नाही. प्रामाणिकपणे जाळे बदलणारा मच्छीमार तोट्यात आणि न बदलणारा फायद्यात, अशी ही व्यवस्था होती. २००८ च्या गणनेत वाकिता सुमारे २४५ उरल्या होत्या. अकरा वर्षांत निम्म्याहून जास्त संख्या गेली होती.

हा २४५ चा आकडा नीट लक्षात ठेवायला हवा, कारण त्याने एका मोठ्या गैरसमजाचे उत्तर दिले आहे. आज वाकिताविषयी जे वृत्तपट निघतात, जे लेख छापले जातात, त्यांत खलनायक ठरलेला असतो: चिनी बाजार आणि त्याच्याशी हातमिळवणी केलेल्या मेक्सिकन टोळ्या. ही गोष्ट खरी आहे, पण उत्तरार्धाची. चीनच्या किनाऱ्यावरचा बाहाबा हा तोतोआबासारखाच मासा अतिमासेमारीने जवळजवळ संपला आणि त्याच्या पिशवीची जागा पुन्हा तोतोआबाच्या पिशवीने घेतली. २०११-१२ च्या सुमारास चोरटा धंदा उफाळून आला. किनाऱ्यावर एका किलो सुक्या पिशव्यांना हजारो डॉलर मिळू लागले, आणि चीनमध्ये पोचेपर्यंत तो भाव कित्येक पट चढत होता. हिवाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत तोतोआबा अंडी घालायला वर येतो; तेव्हा रात्री मोठ्या आसाची जाळी नांगरून ठेवायची आणि दुसऱ्या रात्री उचलायची. त्या आसात वाकिताचे डोके बरोबर बसते. २०११ पासून पाण्याखाली बसवलेल्या ध्वनियंत्रांनी दरवर्षी वाकितांच्या टिकटिकीची नोंद घेतली, आणि २०११ ते २०१६ या काळात ती संख्या वर्षाला सरासरी ३९ टक्क्यांनी घटत गेल्याचे दिसले. हा वेग कोळंबीच्या जाळ्यांच्या काळापेक्षा फार भयानक होता. तरीही पहिल्या तीनशेहून अधिक वाकिता कायदेशीर, परवानाधारक, कर भरणाऱ्या मासेमारीत मेल्या. त्या मासेमारीतली बरीचशी कोळंबी अमेरिकेतल्या ताटांत गेली. चोरांनी उरलेसुरले नेले. घर आधीच रिकामे होत आले होते. पिशवीच्या भावाचे वेड आपल्यालाही परके नाही. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या होडीला दीडशेहून अधिक घोळी मिळाल्या आणि त्यांची विक्री एक कोटीच्या वर गेली, तेव्हा ती बातमी महाराष्ट्रभर आनंदाने वाचली गेली. ती मासेमारी कायदेशीर होती आणि आनंदही रास्त होता. पण एका रात्रीत वर्षाची कमाई देणारा मासा समोर असताना गरीब खलाशाने काय करावे, या प्रश्नाचा ताण सान फेलिपेत कसा असेल, याची कल्पना आपल्याला त्यावरून येते.

एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो स्वतः सान फेलिपेला आले आणि वाकिताच्या संपूर्ण क्षेत्रात दोन वर्षांसाठी गिलनेटवर बंदी जाहीर केली. नौदल आले, नुकसानभरपाई सुरू झाली. वाकिता तेव्हा शंभराच्या आत होत्या. त्या वर्षीच्या गणनेत साठाच्या आसपास निघाल्या. चाळीस वर्षांनी बंदी प्रथमच जाळ्यावर आली होती. तिलाही भोके होती. कोर्विना माशाची मासेमारी वगळली गेली, म्हणजे होडीत गिलनेट असणे हा आपोआप गुन्हा ठरेना. कोर्विनाचे जाळे दाखवायचे आणि तोतोआबाचे टाकायचे. भरपाई परवान्याला जोडलेली होती. ज्याच्या नावावर परवाने जास्त त्याला पैसे जास्त. होडीवर राबणारा खलाशी, मासळी साफ करणारी बाई, बर्फ विकणारा, यांच्या वाट्याला थोडे किंवा काहीच नाही. 'एका प्राण्यासाठी माणसांना उपाशी मारता का' हा आक्षेप इथे सगळ्या जोराने उभा राहतो, आणि त्याला उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्या गावांत मासळीखेरीज दुसरे उत्पन्न जवळजवळ नाही. अनेक मच्छीमारांनी वाकिता आयुष्यात पाहिलेली नव्हती, आणि ती मुळात नाहीच, आपल्याला समुद्रातून हाकलण्यासाठी रचलेले हे कुभांड आहे, असे ते उघड म्हणत. पण हा आक्षेप जाळे हटवण्याच्या विरुद्ध जात नाही, तो जाळे हटवण्याच्या पद्धतीविरुद्ध जातो. नव्या जाळ्याची किंमत, शिकण्याचा काळ, सुरुवातीचा तोटा आणि अशा मासळीला जास्त भाव देणारा खरेदीदार, हे सगळे आधी उभे करून मग बंदी आली असती, तर मच्छीमार आणि वाकिता एकाच बाजूला आले असते. उलट पैसे असे वाटले गेले की घरी बसलेल्याला मिळाले आणि नवे जाळे वापरून पाहणाऱ्याला त्रास झाला. मग भरपाई थकली, नौदलाशी चकमकी झाल्या, बेवारस जाळी काढणाऱ्या संस्थांच्या जहाजांवर हल्ले झाले, आणि २०२० च्या शेवटच्या दिवशी अशाच एका झटापटीत होडी आणि जहाज यांची धडक होऊन एका मच्छीमाराचा जीव गेला. गिलनेटवरची बंदी २०१७ मध्ये कायम झाली होती. कागदावर ती आजही कायम आहे.

२०१७ च्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेवटचा उपाय म्हणून वाकिता पकडून तरत्या पिंजऱ्यात सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा तीसच्या आसपास उरल्या असाव्यात असा अंदाज होता. अनेक देशांतले तज्ज्ञ जमले, शोधासाठी अमेरिकन नौदलाचे प्रशिक्षित डॉल्फिनही आणले. पहिले पिल्लू पकडल्यावर घाबरले म्हणून लगेच सोडून देण्यात आले. ४ नोव्हेंबरला एक प्रौढ मादी पकडली. काही तासांत तिचे हृदय थांबले. मोहीम तिथेच थांबवण्यात आली. हा प्रयत्न करणाऱ्यांना दोष देता येणार नाही, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. वाकिताला तिच्या पाण्यातच जगू देण्याखेरीज मार्ग नाही.

यानंतरचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे: आता दहा-बारा उरल्या, रक्ताच्या नात्यातच संबंध होणार, वंश तसाही बुडणार, मग इतका खर्च कशाला? २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात वीस वाकितांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसले की वाकिता लाखो वर्षांपासून थोडक्या संख्येनेच जगत आली आहे. घातक जनुकदोष तिच्यातून आधीच बरेच गळून गेले आहेत. जाळ्यातले मृत्यू पूर्ण थांबले तर पुढच्या पन्नास वर्षांत ती नामशेष होण्याची शक्यता सुमारे सहा टक्के. मृत्यू ऐंशी टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे सरकारी अहवालात जे मोठे यश म्हणून छापले जाईल तेवढे झाले, तरी शक्यता साठ टक्क्यांच्या वर जाते. पन्नास वर्षे ज्या अर्ध्यामुर्ध्या उपायांवर भागवले गेले, त्यांचा निकाल याहून स्पष्ट आकड्यांत मांडता येणार नाही. त्याच वर्षी नौदलाने वाकिताच्या शेवटच्या आश्रयस्थानात समुद्राच्या तळाशी १९३ सिमेंटचे ठोकळे सोडले, वर लोखंडी आकडे असलेले, म्हणजे जाळे टाकले की ते अडकून फाटावे. त्या तुकड्यात जाळी खरोखरच कमी झाली. गस्त, दंड, घोषणा यांनी जे झाले नाही ते या ठोकळ्यांनी केले, कारण ते थेट जाळ्याला भिडले. पण ठोकळ्यांच्या बाहेर पाणी आहे आणि वाकिता तिकडेही जाते. २०२३ च्या पाहणीत दहा ते तेरा दिसल्या असाव्यात असा तज्ज्ञांचा अंदाज होता, २०२४ मध्ये सहा ते आठ, २०२५ मध्ये सात ते दहा, आणि त्यांत पिल्लेही होती. त्या अजून पिल्ले देत आहेत. संपूर्ण जाळे हटवणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी पुन्हा चीनकडे पाहावे. बैजी गमावलेल्या त्याच यांगत्झे नदीत जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांसाठी मासेमारी पूर्ण बंद झाली. दोन लाखांहून अधिक मच्छीमारांना दुसऱ्या कामांत नेण्यात आले. तिथल्या पॉर्पॉइजची संख्या २०१७ मध्ये १,०१२ होती, २०२२ मध्ये १,२४९ झाली. मेक्सिकोसारख्या लोकशाही देशाने तसाच हुकूम काढावा असे मी म्हणत नाही; आणि चीनमधल्या सगळ्या विस्थापितांचे भले झाले असेही नाही. पण खर्च करायची तयारी असली तर मोठ्या प्रमाणावरही हे जमते, एवढे त्यातून सिद्ध होते.

कोकणच्या किनाऱ्यालाही पॉर्पॉइज आहे. पाठीवर पर नसलेला, राखाडी, तितकाच बुजरा असा फिनलेस पॉर्पॉइज सिंधुदुर्गापासून वर सगळीकडे सापडतो आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ पासून एक चांगली योजना चालवली आहे: संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर त्याचे छायाचित्र दाखवून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवाला आणि व्हेल शार्कला ती खरोखर उपयोगी पडली आहे. पॉर्पॉइज मात्र गिलनेटमध्ये काही मिनिटांत मरतो. जाळे वर येते तेव्हा सोडायला जिवंत प्राणी नसतो. मेलेला पॉर्पॉइज दाखवला तर कायद्याचा बडगा येईल या भीतीने मच्छीमार तो गुपचूप पाण्यात परत टाकतो, आणि त्याबरोबर सगळी माहितीही बुडते. अमेरिकेने आता आपल्याकडे मासळी विकणाऱ्या देशांकडून जाळ्यात मरणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यांचा हिशेब मागायला सुरुवात केली आहे, आणि भारतीय संस्थांनी त्यासाठी समुद्रात गणनाही केल्या आहेत. या गणनांना बंदरावरून मिळणाऱ्या खऱ्या आकड्यांची जोड हवी. मेलेला पॉर्पॉइज जेटीवर आणणाऱ्या खलाशावर गुन्हा नोंदवला जाणार नाही, उलट त्याला त्या दिवसाची मजुरी मिळेल, असा साधा शासन निर्णय निघायला हवा. सातपाटी, हर्णै, मालवणच्या मच्छीमार संस्थांनी तो मागावा, आणि बाजारात कोळंबी घेणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यांच्या मागे उभे राहावे.